कॉम्प्रेसर बदलण्याआधी तो का गेला, हे विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा आणि लग्नसराई एकत्र आली की मुंबईतील उपाहारगृहे, ज्यूस सेंटर, आइसक्रीमची दुकाने आणि केटरिंगची स्वयंपाकघरे येथील बर्फाच्या मशीनवर वर्षातला सर्वांत मोठा ताण येतो, आणि ‘कॉम्प्रेसर गेला’ हे निदान मालकांना याच दिवसांत सर्वाधिक वेळा ऐकावे लागते. मी या शहरात शीतकरण यंत्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करतो. छोट्या हॉटेलमालकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बर्फाच्या मशीनमधला कॉम्प्रेसर, म्हणजे थंडावा देणारा वायू दाबून फिरवत ठेवणारा पंप, स्वतःच्या दोषाने क्वचितच बंद पडतो. त्याला बंद पाडणारे कारण बहुधा मशीनच्या दुसऱ्याच भागात दडलेले असते, आणि ते न शोधता हजारो रुपये खर्चून नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही त्याच कारणाने, बहुतेक वेळा पुढचा उन्हाळा येण्याआधीच, निकामी होतो.

हे समजण्यासाठी मशीन कसे चालते ते थोडक्यात सांगतो. क्यूब बनवणाऱ्या मशीनमध्ये थंड केलेल्या धातूच्या प्लेटवरून पाणी सतत वाहत राहते आणि त्यातले थोडे थोडे गोठत जाते. बर्फाचा थर पुरेसा जाड झाला की मशीन ‘हार्वेस्ट’ला जाते, म्हणजे विजेवर उघडमीट होणारा हॉट गॅस सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो, कॉम्प्रेसरमधून निघालेला गरम वायू कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला, वळसा घालून थेट प्लेटच्या मागच्या नळ्यांत शिरतो आणि बर्फ सुटून खालच्या पेटीत पडतो. घरच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरच्या वाट्याला असले काही येत नाही. बर्फाच्या मशीनच्या कॉम्प्रेसरवर मात्र दिवसातून कित्येकदा दाब आणि तापमान एकदम बदलते, आणि हार्वेस्टच्या वेळी वायूऐवजी द्रवरूप रेफ्रिजरंट (थंडावा देणारा पदार्थ, ज्याला आम्ही ‘गॅस’ म्हणतो) परत येऊन कॉम्प्रेसरमधले तेल पातळ होण्याचा किंवा त्याच्या झडपा मोडण्याचा धोकाही असतो. इतके कष्टाचे काम करणारा भाग आजूबाजूच्या कुठल्याही बिघाडाचा फटका सर्वांत आधी खातो.

आता निदानाकडे येतो, कारण खरा घोटाळा तेथेच होतो. मेकॅनिक येतो, कॉम्प्रेसर सुरू होत नाही हे पाहतो, मीटर लावतो आणि ‘वाइंडिंग उडाली’, म्हणजे मोटरमधले तारांचे वेटोळे जळाले, असे सांगतो. सिंगल फेज कॉम्प्रेसरला कॉमन, स्टार्ट आणि रन अशी तीन टोके असतात, आणि वाइंडिंग शाबूत असेल तर स्टार्ट व रन यांच्यामधला रोध हा उरलेल्या दोन जोड्यांच्या रोधांच्या बेरजेइतका भरतो. स्टार्ट आणि रन यांच्यात रीडिंग मिळते, पण कॉमनपासून दोन्हीकडे काहीच मिळत नाही, अशी स्थिती असेल तर बहुतेक वेळा आतला ओव्हरलोड प्रोटेक्टर, म्हणजे मोटर फार तापली की वीज तोडणारा स्विच, तापून उघडलेला असतो आणि वाइंडिंगला काहीही झालेले नसते. हा प्रोटेक्टर कॉम्प्रेसर पूर्ण निवल्याशिवाय पुन्हा जुळत नाही, आणि भटारखान्यातल्या उष्णतेत त्याला तासाहून अधिक वेळ लागू शकतो. तेवढा वेळ थांबायला कोणी तयार नसते. मालकाला गिऱ्हाइके सांभाळायची असतात, मेकॅनिकला पुढची तक्रार गाठायची असते, आणि धडधाकट कॉम्प्रेसर कापून बाहेर काढला जातो. निवल्यानंतरही कॉमन उघडाच राहिला, किंवा मेगर (इन्सुलेशन तपासणारे मीटर) लावल्यावर वाइंडिंगचा बॉडीशी संपर्क दिसला, तरच कॉम्प्रेसर गेला असे म्हणावे.

यापलीकडेही कॉम्प्रेसरवर खोटा आळ घेणारे भाग पुष्कळ आहेत. स्टार्ट कपॅसिटर फुगलेला असतो, रिलेचे पॉइंट जळालेले असतात, काँटॅक्टरच्या एका टोकाला गंज चढलेला असतो. हे सगळे भाग कॉम्प्रेसरच्या तुलनेत अत्यंत स्वस्त असतात. माझ्या मते सर्वांत फसवा बिघाड हॉट गॅस व्हॉल्व्हचा आहे. हा व्हॉल्व्ह कचरा अडकून किंचित उघडा राहिला की गरम वायू बर्फ बनत असतानाच प्लेटकडे गळत राहतो, सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या वायूचा, दाब वाढतो, मशीन तासन्‌तास चालूनही बर्फ धरत नाही, आणि गेज पाहणाऱ्याला वाटते की कॉम्प्रेसरमध्ये आता पंपिंग उरले नाही. प्रत्यक्षात बर्फ बनण्याच्या काळात त्या व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांच्या तापमानात ठळक फरक असायला हवा. दोन्ही बाजू सारख्याच गरम असतील तर दोष कुठे आहे हे थर्मामीटर लावून काही मिनिटांत कळते. तसेच पाण्याचा इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल तर टाकीत सतत ताजे, कोमट पाणी येत राहते, आणि मशीनची सगळी शक्ती ते पाणी गार करण्यातच खर्च होते.

दादरमधील एका ज्यूस सेंटरच्या मालकाने एकाच हंगामात लागोपाठ दोन कॉम्प्रेसर बदलून घेतले होते, आणि तिसऱ्याची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बोलावले. मशीन भिंतीला टेकलेले, कंडेन्सरवर तळणाच्या धुराचा आणि धुळीचा मिळून जाड, चिकट थर, आणि पंखा त्या थरातून हवा ओढण्याची निष्फळ धडपड करत असलेला. कंडेन्सरमधून उष्णता बाहेर पडत नव्हती, त्यामुळे डिस्चार्जचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा, दाब आणि तापमान चढत होते, तेल करपत होते आणि दर वेळी वाइंडिंग जळत होती. दोन्ही वेळा बिलावर ‘कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला’ एवढेच लिहिलेले होते. ते गृहस्थ कर्ज काढून व्यवसाय करत होते, हे कळल्यावर मला फार वाईट वाटले, कारण पहिल्याच भेटीत कोणी कंडेन्सर धुऊन मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढले असते, तर पुढचे सारे टळले असते.

मुंबईत कॉम्प्रेसर मरण्याची काही कारणे खास या शहराची आहेत. येथे जागा इतकी महाग आहे की बर्फाचे मशीन नेहमी सर्वांत अडचणीच्या आणि गरम कोपऱ्यात, तंदूरच्या किंवा डिश वॉशरच्या शेजारी जाऊन बसते. माहितीपत्रकात लिहिलेले दिवसाचे उत्पादन बहुधा २१ अंश सेल्सिअस हवा आणि १० अंश पाणी धरून मोजलेले असते. तुलनेसाठी वापरला जाणारा अमेरिकी मानकाचा आकडासुद्धा ३२ अंश हवा आणि २१ अंश पाणी गृहीत धरतो. मे महिन्यातला आपला भटारखाना या दोन्हींच्या पुढे असतो, म्हणून शंभर किलोचे म्हणून घेतलेले मशीन शंभर किलो देत नाही, आणि ते तसे का देत नाही यासाठी कॉम्प्रेसरला दोषी धरले जाते. खारट वाऱ्याने कंडेन्सरच्या ॲल्युमिनिअमच्या पात्या भुगा होऊन झडतात, आणि तांब्याच्या सांध्यांवर गंज चढून गॅस थेंबाथेंबाने गळू लागतो. सक्शनला परत येणारा गार वायूच अशा कॉम्प्रेसरच्या मोटरला थंड ठेवत असतो, त्यामुळे गॅस कमी झाला की मोटर तापत जाते. महापालिकेचे पाणी तलावांचे असल्याने मुळात फारसे जड नाही, पण जेथे टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यावर भागवावे लागते, तेथे प्लेटवर क्षार बसून बर्फ सुटत नाही आणि हार्वेस्ट लांबत जातो. जुन्या इमारतींतले वायरिंग हा आणखी एक विषय. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढतो, आणि त्याच क्षणी बारीक वायरीवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर व्होल्टेज कोसळते. मीटर एरवी २३० दाखवत असला तरी स्टार्टच्या क्षणी कॉम्प्रेसरच्या टोकांवर किती व्होल्ट पोहोचतात, ते मोजणारे फार थोडे.

समजा, सर्व तपासणीनंतर कॉम्प्रेसर खरोखरच निकामी ठरला. मग नवा कोणता घ्यायचा? अश्वशक्ती जुळली की झाले, अशी समजूत सर्रास आढळते आणि ती चुकीची आहे. रेफ्रिजरंट कोणते, तेल कोणते, कॉम्प्रेसर कमी, मध्यम की जास्त बॅक प्रेशरसाठी (सक्शन दाबासाठी) बनवलेला आहे, प्लेटकडे जाणारा द्रव मोजून सोडायला मशीनमध्ये कॅपिलरी (बारीक नळी) आहे की एक्सपान्शन व्हॉल्व्ह, आणि विस्थापन (एका फेरीत ओढला जाणारा वायू) किती, हे सगळे जुळावे लागते. एसीसाठी बनवलेला कॉम्प्रेसर बर्फाच्या मशीनमध्ये बसवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. तो काही काळ चालतो, कारण थंडावा तर तोही निर्माण करतो, पण इतक्या कमी सक्शन दाबाला काम करण्यासाठी तो घडवलेलाच नसतो. कापून, वाइंडिंग बांधून पुन्हा वेल्ड केलेले कॉम्प्रेसरही बाजारात सहज मिळतात. गरजू मालकाने स्वस्त म्हणून ते घेतले तर त्याला मी दोष देणार नाही, मात्र तो नवा नाही हे त्याला बिलावर स्पष्ट लिहून मिळाले पाहिजे. आणखी एक छोटी गोष्ट, नव्या कॉम्प्रेसरबरोबर रिले, कपॅसिटर आणि ओव्हरलोड हेही त्याच कॉम्प्रेसरसाठी ठरवून दिलेले आणि नवेच असावेत.

बसवण्याच्या पद्धतीबद्दल मला सविस्तर लिहावेच लागेल, कारण येथे वाचवलेला अर्धा दिवस मालकाला पुढे फार महागात पडतो. सध्याच्या पुष्कळ बर्फाच्या मशीनमध्ये आर-४०४ए किंवा आर-१३४ए हे वायू असतात आणि त्यांच्यासोबत पीओई (पॉलिओल एस्टर) प्रकारचे कृत्रिम तेल वापरले जाते. जुन्या आर-२२ मशीनमधले मिनरल तेल आणि हे तेल यांत मोठा फरक आहे. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या मिठाला जसे पाणी सुटते, तसे हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि मग उष्णतेने त्यात आम्ल तयार होऊन ते वाइंडिंगचे इन्सुलेशन खाऊ लागते. म्हणूनच नव्या कॉम्प्रेसरच्या नळ्यांवरची रबरी बुचे अगदी शेवटच्या क्षणी काढावीत आणि सिस्टिम १५ मिनिटांपेक्षा अधिक काळ उघडी राहू देऊ नये, असे कंपन्या सांगतात. जुलैतल्या मुंबईत बुचे काढून कॉम्प्रेसर सकाळपासून ओट्यावर ठेवलेला आणि मेकॅनिक सिल्व्हर रॉड (सांधे जोडण्याची कांडी) आणायला गेलेला, हे दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते पटेल.

सांधे जोडताना नळ्यांमधून नायट्रोजनचा मंद प्रवाह चालू ठेवावा लागतो. तो नसेल तर तापलेल्या तांब्याच्या आतल्या बाजूला काळी पापुद्र्यासारखी राख धरते, आणि पीओई तेल ती सुटी करून थेट कॅपिलरीच्या किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी नेऊन बसवते. कचरा आणि ओलावा धरणारा फिल्टर ड्रायर दर वेळी नवा घालायला हवा, याला अपवाद नाही. जुना कॉम्प्रेसर जळून गेला असेल, म्हणजे त्यातले तेल काळे पडून त्याला उग्र वास येत असेल, तर तेलाची आम्लचाचणी करणे, सिस्टिम स्वच्छ करणे आणि सक्शन लाइनमध्ये आम्ल शोषणारा वेगळा ड्रायर काही दिवसांपुरता बसवणे ही कामे टाळता येत नाहीत. ती टाळली तर पहिल्या कॉम्प्रेसरचे आम्ल दुसऱ्याच्या वाइंडिंगवर काम सुरू करते. एकाच मशीनमध्ये एकामागून एक कॉम्प्रेसर जळण्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी मला याच दुर्लक्षाच्या खुणा सापडतात.

त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणे. नेहमीच्या दाबाला पाणी १०० अंशांवर उकळते. दाब पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटरपर्यंत उतरवला की तेच पाणी २५ अंशांनाच उकळून वाफ होते, आणि या वाफेला ओढून बाहेर काढता येते. तेल आणि नळ्यांच्या कोपऱ्यांत अडकलेला ओलावा निघावा यासाठी त्याच्याही बरेच खाली, म्हणजे साधारण ५०० मायक्रॉन किंवा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जावे लागते. येथे दोन अडचणी आहेत. पहिली ही की आपल्याकडे फ्रिजचा जुना कॉम्प्रेसरच व्हॅक्यूम पंप म्हणून वापरण्याची पद्धत रूढ आहे, आणि तो इतका खोल व्हॅक्यूम देऊ शकत नाही. दुसरी ही की साध्या गेजचा काटा ५०० आणि ५००० मायक्रॉन यांतला फरक दाखवतच नाही. काटा तळाला गेला म्हणजे काम झाले, असे म्हणणे बरोबर नाही. मायक्रॉन गेज लावावा, पंप वेगळा करून आकडा पाहावा. तो थोडा चढून स्थिरावला तर ओलावा शिल्लक आहे, चढतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. यानंतर वजनकाट्यावर तोलून, मशीनच्या पाटीवर लिहिला आहे तेवढाच गॅस भरावा. आर-४०४ए हे तीन वायूंचे मिश्रण असल्याने ते सिलिंडरमधून द्रवरूपात घ्यायचे असते, नाहीतर घटकांचे प्रमाण बिघडते. बर्फाच्या मशीनमध्ये दाब सतत बदलत असतो, त्यामुळे ‘अंदाजाने’ भरलेला गॅस योग्य असण्याची शक्यता फारच कमी.

गळती तपासण्यासाठी दाब देताना ऑक्सिजन वापरण्याचा प्रकार मी काही ठिकाणी पाहिला आहे, आणि त्याविषयी येथे कठोर शब्दांतच लिहिले पाहिजे. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधले तेल एकत्र आले की स्फोट होतो. वेल्डिंगचा सिलिंडर हाताशी आहे, नायट्रोजनचा आणायला तीन जिने उतरावे लागतील, या एका कारणासाठी कोणीही आपला आणि भटारखान्यातल्या पोरांचा जीव धोक्यात घालू नये. मालकांनीही नायट्रोजनशिवाय काम सुरू होऊ देऊ नये. पुढे हा धोका आणखी एका बाजूने वाढणार आहे, कारण आर-२९० म्हणजे प्रोपेनवर चालणारी लहान मशीन आता येऊ लागली आहेत. पर्यावरणाच्या दृष्टीने ती चांगली आहेत, पण तो वायू ज्वालाग्राही असल्यामुळे सिस्टिम रिकामी करून नायट्रोजनने धुतल्याशिवाय नळीला टॉर्च लावणे म्हणजे उघड आगीला आमंत्रण आहे. उलट, आर-४०४एसाठी बनवलेल्या जुन्या मशीनमध्ये स्वस्त पडतो म्हणून प्रोपेन भरणे हेही तितकेच धोक्याचे.

जुना गॅस हवेत सोडून देण्याची आपली सवयही बदलायला हवी. एक किलो आर-४०४ए हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे ३९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आर-४०४एसारख्या वायूंचा वापर घटवण्याच्या ‘किगाली दुरुस्ती’ या जागतिक कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून या गटातल्या वायूंच्या वापरावर आपल्याकडे २०२८ मध्ये मर्यादा येईल आणि २०३२ पासून तो टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. आर-२२चा वापर तर २०३० पर्यंतच जवळजवळ संपवायचा आहे. म्हणजे हे वायू पुढे महाग आणि दुर्मिळ होतील, बनावट सिलिंडरही अधिक येतील, आणि आज नळी कापून सोडून दिलेला गॅस उद्या विकत घेणे परवडणार नाही. जुना गॅस ओढून साठवणारे रिकव्हरी मशीन मात्र एकट्या मेकॅनिकला परवडत नाही. महापालिकेने किंवा व्यवसायातल्या संघटनांनी विभागवार एखादे केंद्र काढून तेथे ते भाड्याने मिळण्याची आणि काढलेला गॅस जमा करण्याची सोय केली, तर त्याचा उपयोग करणारे शेकडो हात या शहरात आहेत.

माझ्या व्यवसायबंधूंची बाजू मांडल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. वर सांगितलेले सर्व नीट करायचे तर एका मशीनला सहज पूर्ण दिवस लागतो. खांद्यावर सिलिंडर, हातात पंप आणि पिशवीत हत्यारे घेऊन लोकलने प्रवास करणाऱ्या, गर्दीच्या वेळी लगेज डब्याची वाट पाहणाऱ्या माणसाला मालक व्हिजिटचे दोनतीनशे रुपये देतानाही घासाघीस करतो. मग तो बिचारा कमाई कॉम्प्रेसरच्या विक्रीत शोधतो, आणि निदानाला वेळ देणारा मेकॅनिक महाग ठरून मागे पडतो. जोवर बिघाड शोधण्याचे पैसे वेगळे आणि रास्त दिले जात नाहीत, तोवर भाग बदलण्याचीच प्रवृत्ती वाढत राहील. केंद्र सरकारच्या २०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. आयटीआयमध्ये या विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. पण हाताखाली राहून शिकलेली, वयाने चाळिशी ओलांडलेली मंडळी दोन वर्षे वर्गात बसू शकत नाहीत. त्यांच्यासाठी पावसाळ्यातल्या मंदीच्या दिवसांत, संध्याकाळचे, मराठी आणि हिंदीतले छोटे वर्ग हवेत.

यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडूनही अपेक्षा आहे. मशीनची वायरिंग आकृती, गॅसचे वजन, वेगवेगळ्या तापमानांना अपेक्षित दाब आणि एका खेपेचा बर्फ किती वजनाचा व किती मिनिटांत व्हावा याचा तक्ता, ही माहिती अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरती राखून ठेवण्याचे कारण नाही. ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने हे चार गट घेतले आहेत. छोट्या व्यावसायिकांची स्वयंपाकघरातली यंत्रे त्यात यावीत, अशी माझी मागणी आहे. मालकांनी हेही लक्षात ठेवावे की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूंना लागू होत नसला, तरी स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू याला अपवाद आहे, म्हणजे तिला कायदा लागू होतो. मात्र तक्रार टिकायची तर हाती कागद हवा, आणि ‘कॉम्प्रेसर बदलला’ एवढ्या दोन शब्दांच्या बिलावर कोणताही आयोग काय ठरवणार?

या सगळ्याचा सामान्य वाचकाशी काय संबंध, असे कोणी विचारील. मशीन बंद पडले की हॉटेल बाहेरून लादीचा बर्फ मागवते. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला, पण गर्दीच्या वेळी, घाईत, गोणपाटात गुंडाळून आलेल्या लादीचा फोडलेला तुकडा कोणत्या पाण्याचा आहे हे सरबताच्या पेल्यात कोणाला दिसत नाही. स्वतःचे मशीन, स्वतःचा फिल्टर आणि झाकलेली पेटी असलेल्या दुकानदाराने ते मशीन चालू ठेवणे हे त्याच्या गिऱ्हाइकांच्या पोटाशी थेट निगडित आहे.

म्हणून हॉटेलमालकांना आणि त्यांच्या संघटनांना माझी विनंती आहे की कॉम्प्रेसर बदलण्यास संमती देण्याआधी मेकॅनिककडून चार ओळी लिहून घ्याव्यात, म्हणजे कॉम्प्रेसर निकामी असल्याचे कोणत्या चाचणीवरून ठरले, तो निकामी होण्याचे कारण काय, आणि ते कारण दूर करण्यासाठी काय केले जाणार आहे. काम झाल्यावर व्हॅक्यूमचा आकडा, भरलेल्या गॅसचे वजन, चालू करंट, दोन्ही दाब आणि एका खेपेला लागलेला वेळ यांची नोंद करून तो कागद मशीनच्या दाराच्या आत चिकटवावा. पुढे येणारा मेकॅनिक कोणीही असला तरी त्याला तुलनेसाठी आधार मिळेल. अशा नोंदीचा एक साधा मराठी तक्ता मी तयार केलेला आहे. मुंबईतील कोणत्याही आयटीआयला किंवा हॉटेल संघटनेला तो हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत मी विनामूल्य देईन, आणि त्यांनी मेकॅनिकांसाठी संध्याकाळचा वर्ग ठेवल्यास व्हॅक्यूम पंप, मायक्रॉन गेज आणि उघडून ठेवलेला जळका कॉम्प्रेसर घेऊन तेथे शिकवायला येईन.

आपला विश्वासू,
एक शीतकरण तंत्रज्ञ,
परळ, मुंबई